बिजू पटनाईक : दमदमच्या धावपट्टीवरील साहस आणि हिशेब

कोलकाता : येथील नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या आवारात एक जुने डाकोटा विमान कित्येक दशके ऊनपाऊस सोसत पडून होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे पंख आणि धड सुटे करण्यात आले, ते मालमोटारींवर चढवण्यात आले आणि रस्त्याने भुवनेश्वरला रवाना झाले. व्हीटी-एयूआय ही त्याची नोंदणी. एकेकाळी ज्या कंपनीच्या ताफ्यात ते होते, त्या कलिंग एअरलाइन्सचे संस्थापक बिजयानंद ऊर्फ बिजू पटनाईक. ओडिशाबाहेरच्या वाचकाला ते दोन वेळचे मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री म्हणून आठवतात. परंतु राजकारणात मोठे होण्यापूर्वी ते वैमानिक होते आणि वैमानिकाचे विमानकंपनीचे मालक झाले, ते याच दमदमच्या विमानतळावर. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतात खासगी हवाई वाहतुकीची जी लाट आली आणि सात वर्षांत ओसरली, तिचे सगळे गुणदोष या एका आयुष्यात दिसतात.

५ मार्च १९१६ रोजी कटक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लक्ष्मीनारायण पटनाईक, आई आशालता. कटकच्या रेव्हेन्शॉ महाविद्यालयात शिकत असताना मित्रांसह सायकलवरून थेट पेशावरपर्यंत केलेल्या त्यांच्या प्रवासाची कथा ओडिशात आजही सांगितली जाते. पदवीपेक्षा विमानाची ओढ अधिक ठरली. शिक्षण अर्धवट सोडून ते उड्डाणविद्या शिकले आणि इंडियन नॅशनल एअरवेज या कंपनीत वैमानिक झाले. पत्नी ज्ञान या पंजाबी कुटुंबातल्या. त्यांनीही विमान चालवण्याचे शिक्षण घेतले होते. त्या काळी पतिपत्नी दोघांनाही विमान चालवता येणे ही अपूर्वाईचीच गोष्ट.

दुसरे महायुद्ध पेटले आणि पटनाईक लष्करी वाहतुकीच्या उड्डाणांवर रुजू झाले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा रंगूनहून अडकलेल्या लोकांना विमानाने बाहेर काढण्याच्या कामात ते होते. ब्रिटिशांची विमाने चालवणारा हा वैमानिक त्याच सुमारास भारत छोडो चळवळीला साह्य करीत होता. भूमिगत कार्यकर्त्यांची गुप्त ने-आण आणि पत्रकांची वाहतूक त्यांनी सरकारी विमानांतूनच केली. ही गोष्ट फार काळ झाकून राहणे शक्य नव्हते. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. दुसऱ्याचे विमान, दुसऱ्याचे इंधन आणि उद्दिष्ट मात्र स्वतःचे, हा त्यांच्या स्वभावाचा धागा येथे प्रथम दिसतो. पुढे तो निराळ्या प्रसंगी पुन्हा दिसणार होता आणि तेव्हा मात्र त्याचे कौतुक झाले नाही.

युद्ध संपले तेव्हा कोलकाता, म्हणजे तेव्हाचे कलकत्ता, हे हवाई वाहतुकीच्या दृष्टीने देशातले सर्वांत सज्ज शहर होते. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाड्यांना रसद पुरवणारी साखळी बंगाल आणि आसामातून गेली होती. तिच्यासाठी पूर्व भारतात ठिकठिकाणी धावपट्ट्या तयार झाल्या, यंत्रज्ञ तयार झाले आणि युद्धानंतर अमेरिकी लष्कराची डाकोटा विमाने मागे उरली. ती स्वस्तात विक्रीला निघाली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांची डागडुजी करून, सैनिकांच्या बाकांच्या जागी खुर्च्या बसवून ती मुलकी वापरासाठी सज्ज होत. दोन इंजिने, पंचवीसएक प्रवासी किंवा अडीच-तीन टन माल, आणि गवताळ मैदानावरही उतरण्याची तयारी, असे हे काटक विमान. ज्याच्यापाशी थोडे भांडवल आणि पुष्कळ हिंमत होती, त्याला विमानकंपनी काढणे प्रथमच आवाक्यात आले.

आणि कंपन्या निघाल्याही. १९४६ मध्ये परवाना मंडळ स्थापन झाले आणि अर्जांची रीघ लागली. एकट्या कोलकात्यात बिर्लांची भारत एअरवेज, एअरवेज इंडिया, जमएअर आणि फाळणीनंतर कराचीला गेलेली ओरिएंट एअरवेज अशा कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्याच पंक्तीत पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स आली. बिर्लांच्या पाठीशी गिरण्या होत्या, ओरिएंटच्या पाठीशी इस्पहानींसारखे व्यापारी घराणे होते. पटनाईकांचे भांडवल त्यामानाने तुटपुंजे होते. मात्र मालक स्वतः वैमानिक आहे, ही त्यांची जमेची बाजू होती. अवघड धावपट्टीवर जायचे की नाही, हा निर्णय त्यांना कचेरीत बसून घ्यावा लागत नसे.

मुंबईत जे. आर. डी. टाटा या गर्दीकडे चिंतेने पाहत होते. १९३२ पासून हवाई टपाल वाहून त्यांनी हा धंदा शिकलेला होता. विमानाची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते, हे त्यांना ठाऊक होते. विमान उडो वा न उडो, वैमानिकांचे पगार, विम्याचा हप्ता, ठरावीक तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून करावी लागणारी दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च चालूच राहतो. उड्डाण केले की त्यात इंधनाची भर पडते, आणि त्या इंधनावर सरकारचा कर होता. हा सगळा बोजा पुरेशा आसनांवर वाटला गेला तरच तिकीट परवडते. एका मार्गावर एका कंपनीपुरते प्रवासी असताना तिथे दोघातिघांना परवाना दिला, तर विमाने अर्धी रिकामी उडणार आणि सर्वच तोट्यात जाणार. सरकारने परवाने सढळ हाताने वाटले आणि तसेच घडले. अंबिका, ज्युपिटर, इंडियन ओव्हरसीज अशी नावे थोड्याच काळात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून दिसेनाशी झाली.

कोलकात्याच्या कंपन्यांना मात्र फाळणीने एक विचित्र आधार दिला. ऑगस्ट १९४७ नंतर आसामकडे जाणारा लोहमार्ग पूर्व पाकिस्तानातून जाऊ लागला. आसामला जोडणारा नवा लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत १९५० उजाडले. त्रिपुरा तर तिन्ही बाजूंनी परक्या मुलखाने वेढले गेले. आगरताळा, सिल्चर, गुवाहाटी, इम्फाळ या ठिकाणांसाठी दमदमहून उडणारे डाकोटा ही चैन राहिली नाही, तो बाजारहाट झाला. जाताना कापड, औषधे, यंत्रांचे भाग आणि माणसे, येताना आसामचा चहा. विमानवाहतुकीत परतीचा फेरा रिकामा जाणे हा सर्वांत मोठा तोटा. पूर्वेच्या या मार्गांवर दोन्ही दिशांना भार मिळत होता. ज्यांचा प्रांत तोडला गेला, त्यांच्या अडचणीवर या कंपन्या तगल्या, असे कठोर शब्दांत म्हणता येईल. त्या नसत्या तर त्या प्रांतांत मीठ-कापड पोचणेही मुश्किल झाले असते, हेही तितकेच खरे.

पटनाईकांचे नाव आशियाभर पोचले ते मात्र या नफ्यातोट्याच्या बाहेरच्या उड्डाणांमुळे. इंडोनेशियाने ऑगस्ट १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले होते. डच सत्ता ते मानायला तयार नव्हती. जावाच्या सागरी आणि हवाई मार्गांवर तिने नाकेबंदी घातली होती. पंडित नेहरूंची सहानुभूती उघडपणे इंडोनेशियाच्या बाजूला होती; परंतु स्वातंत्र्याला काही आठवडे असताना हंगामी सरकारला आपले लष्करी विमान तिथे पाठवणे शक्य नव्हते. खासगी कंपनीचे विमान जाऊ शकत होते. जुलै १९४७ मध्ये पटनाईकांनी उपराष्ट्राध्यक्ष महंमद हट्टा यांना सुमात्रातून दिल्लीला आणले. हट्टा या प्रवासात अब्दुल्ला या नावाने सहवैमानिक म्हणून वावरत होते. २१ जुलै रोजी डचांनी जावावर मोठी चढाई सुरू केली. त्या धुमश्चक्रीत पटनाईक डाकोटा घेऊन जावात उतरले आणि माजी पंतप्रधान सुतान शहरीर यांना घेऊन सिंगापूरमार्गे भारतात परतले. शहरीर पुढे संयुक्त राष्ट्रांसमोर आपल्या देशाची बाजू मांडायला गेले.

या यशाची कथा वारंवार सांगितली जाते. तिच्यानंतर आठवडाभरात घडलेली घटना भारतात फारशी कोणाला ठाऊक नाही. २९ जुलै १९४७ रोजी पटनाईकांच्या मालकीचे दुसरे एक डाकोटा, व्हीटी-सीएलए, सिंगापूरहून मलायातील रेडक्रॉसने दिलेली औषधे घेऊन योग्यकर्ताकडे निघाले. विमान उतरण्याच्या बेतात असताना डच लढाऊ विमानांनी त्यावर गोळीबार केला आणि ते कोसळले. नऊ जणांपैकी एकच वाचला. मृतांत ऑस्ट्रेलियन वैमानिक नोएल कॉन्स्टंटाइन होते, तसेच इंडोनेशियाच्या नवजात हवाई दलाचे आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि आदिसुमार्मो हे तीन अधिकारी होते.

सरकारला जे उघडपणे करता येत नाही ते खासगी कंपनीने करावे, यात कंपनीच्या मालकाला कीर्ती मिळते, सरकारला हात झटकण्याची सोय राहते, आणि धोका विमानात बसलेल्यांच्या वाट्याला येतो. पटनाईकांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, जो धोका त्यांनी इतरांना पत्करायला लावला तो आधी स्वतः पत्करला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला. हवाई दलाकडे पुरेशी वाहतूक विमाने नव्हती. खासगी कंपन्यांची डाकोटा विमाने प्रवासी उड्डाणे बंद करून दिल्लीत बोलावली गेली आणि २७ ऑक्टोबरपासून शीख पलटणीचे जवान श्रीनगरला पोचू लागले. पटनाईकही या उड्डाणांत होते. श्रीनगरला उतरलेले पहिले विमान त्यांचे होते, असे ओडिशात अभिमानाने सांगतात. हवाई दलाच्या इतिहासात त्याचे श्रेय निराळ्या नावांकडे जाते. पहिले कोण, हा वाद बाजूला ठेवला तरी खासगी ताफा नसता तर त्या दिवसांत इतके सैन्य हलवता आले नसते, याविषयी दुमत नाही.

अशा उड्डाणांनी नाव झाले, पण नावावर इंजिनाची दुरुस्ती होत नाही. १९४९ पर्यंत जवळजवळ सर्व हवाई कंपन्या सरकारी आधाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. इंधनावरील कराचा काही भाग परत मिळू लागला. ३० जानेवारी १९४९ रोजी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सोनेगावच्या धावपट्टीवरचा हा मध्यरात्रीचा मेळा नागपूरकरांच्या जुन्या पिढीच्या आठवणीत होता. टाटांनी मात्र या योजनेला विरोध केला. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी मार्गदर्शक साधने अपुरी होती आणि हिशेबही जुळत नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. किडवाई आणि टाटा यांच्यातला मतभेद जाहीर वादापर्यंत गेला.

अखेर १९५० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष होते. हेच पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचेही अध्यक्ष झाले. समितीने कंपन्यांचे ताळेबंद तपासले आणि टाटा सांगत होते तेच बहुतांशी निष्पन्न झाले : मार्गांच्या मानाने कंपन्या जास्त, विमाने जास्त, उत्पन्न कमी. लगेच राष्ट्रीयीकरण करू नये, कंपन्यांनी आपसांत विलीन होऊन संख्या कमी करावी, अशी समितीची शिफारस होती. विलीनीकरणाला मालक राजी झाले नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्याने बुडावे आणि त्याचा मार्ग आपल्याला मिळावा, असे वाटत होते.

१९५३ मध्ये हवाई महामंडळांचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट रोजी देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. महामंडळाला ९९ विमाने मिळाली. त्यांपैकी ७४ डाकोटा होती. या आठ कंपन्यांमध्ये भारत एअरवेज आणि एअरवेज इंडियाबरोबर कलिंगही होती. सात वर्षांपूर्वी दमदमवर सुरू झालेली धावपळ अशी सरकारी खात्याच्या फायलीत येऊन थांबली.

पटनाईक थांबले नाहीत. कंपनी चालू असतानाच त्यांनी इतर उद्योगांत पाऊल टाकले होते. कटकजवळ चौद्वार येथे कलिंग ट्यूब्ज हा नळ्यांचा कारखाना उभा राहिला. १९५१ मध्ये त्यांनी युनेस्कोला देणगी देऊन विज्ञानप्रसारासाठी कलिंग पुरस्कार सुरू केला. १९५२ मध्ये तो प्रथम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई द ब्रॉग्ली यांना मिळाला. आणि काही वर्षांतच कलिंग एअरलाइन्स पुन्हा उभी राहिली. नियमित प्रवासी वाहतूक आता सरकारची मक्तेदारी होती. पण भाड्याची, वेळापत्रकाबाहेरची उड्डाणे खासगी कंपन्यांना मोकळी होती. आजच्या अरुणाचल प्रदेशात, तेव्हाच्या नेफा भागात, डोंगरांतल्या चौक्यांना धान्य आणि सामान विमानातून खाली टाकून पोचवावे लागे. कलिंगला हे काम मिळाले.

या कामाचे अर्थकारण प्रवासी वाहतुकीपेक्षा अगदी निराळे आहे. विमान दरीत शिरते, दार उघडे असते, आतले मदतनीस पोती बाहेर ढकलतात आणि वैमानिक समोरच्या कड्याच्या आधी विमान वर घेतो. ढग खाली आले की परतीची वाट दिसत नाही. कलिंगची विमाने आणि माणसे या दऱ्यांत गमावली गेली. धोका असा खरा होता, त्यामुळे दर चढा असणेही समजण्यासारखे होते. परंतु येथे गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे सरकार. तिकीट घेणारा प्रवासी महागले म्हणून आगगाडीकडे वळू शकतो. डोंगरावरच्या चौकीला दुसरा मार्ग नव्हता. किती फेऱ्या आवश्यक होत्या आणि टाकलेल्या मालापैकी किती कामी आला, याची पडताळणी अरण्यात कोण करणार? आणि कंत्राटदार कोण, तर सत्ताधारी पक्षाचा वजनदार नेता, पंतप्रधानांच्या विश्वासातला माणूस. या कंत्राटाविषयी संसदेत प्रश्न विचारले गेले, ते याच कारणाने.

जून १९६१ मध्ये पटनाईक ओरिसाचे मुख्यमंत्री झाले. पारादीप बंदराचे काम त्यांनी केंद्राच्या मंजुरीची वाट न पाहता राज्याच्या पैशातून पुढे रेटले. १९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी त्यांचा सल्ला घेतला. चारबतिया येथील हवाई तळाच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. ऑक्टोबर १९६३ मध्ये कामराज योजनेनुसार त्यांनी पद सोडले. त्यानंतर विरोधकांनी आरोपांची यादी पुढे केली : मुख्यमंत्री असताना त्यांच्या आणि त्यांच्या निकटवर्तीयांच्या हितसंबंधांतील उद्योगांना सरकारी खरेदीत झुकते माप मिळाले. केंद्रीय तपास यंत्रणेने चौकशी केली, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या उपसमितीने कागद पाहिले आणि औचित्याचा भंग झाल्याचा ठपका ठेवला. त्यांचे उत्तराधिकारी बिरेन मित्र यांना १९६५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढे राज्यातल्या बिगरकाँग्रेस सरकारने न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा चौकशी आयोगही नेमला.

पटनाईकांचे समर्थक म्हणत राहिले की, राज्यात कारखाने काढायला दुसरे कोणी पुढे येत नव्हते, मग सरकारने माल घ्यायचा तो कोणाकडून? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्यात एक गोष्ट सुटते. १९४२ मध्ये परक्या सरकारचे विमान देशकार्यासाठी वापरणे आणि १९६२ मध्ये आपल्याच लोकांच्या सरकारची खरेदी आपल्याच कारखान्याकडे वळू देणे, यांत फरक आहे. नियम आड आला तर ओलांडायचा, ही सवय वैमानिकाला वादळात वाचवते. मुख्यमंत्र्याच्या टेबलावर त्याच सवयीचा हिशेब निराळा होतो. हा फरक पटनाईकांना कधी पूर्ण मान्य झाला, असे दिसत नाही.

पुढचे राजकीय आयुष्य चढउतारांचे होते. काँग्रेसपासून फारकत, उत्कल काँग्रेसची स्थापना, आणीबाणीत तुरुंगवास, १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात पोलाद व खाण खाते आणि १९९० ते १९९५ पुन्हा मुख्यमंत्रिपद. कलिंग एअरलाइन्स त्याआधीच, १९७० च्या दशकाच्या आरंभी, बंद झाली होती. १९९४ मध्ये हवाई महामंडळांचा १९५३ चा कायदा रद्द झाला आणि नियमित प्रवासी वाहतूक खासगी कंपन्यांना पुन्हा खुली झाली, तेव्हा पटनाईक मुख्यमंत्री होते. अर्धे रिकामे उडणारे विमान, इंधनावरचा कर आणि एकमेकांना बुडवणारी दरकपात हे नव्या कंपन्यांपुढचे प्रश्न त्यांना ओळखीचेच वाटले असणार.

१७ एप्रिल १९९७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. इंडोनेशियाने त्यांना भूमिपुत्र हा बहुमान पूर्वीच दिला होता. भुवनेश्वरच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे आणि कोलकात्याहून रस्त्याने नेलेले डाकोटा तेथेच जोडून उभे केले आहे. जावा बेटावर योग्यकर्ता, मलांग आणि सोलो या तीन शहरांतील विमानतळांना आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि आदिसुमार्मो यांची नावे आहेत. २९ जुलै हा दिवस इंडोनेशियाचे हवाई दल दरवर्षी व्हीटी-सीएलएमधील मृतांच्या स्मरणार्थ पाळते.